हुरड्याच्या दिवशी हसू आलं, त्याचं काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या त्रेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांनी तो विचारला आहे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ लांबलेल्या आजारपणात गेला. उपचारात दुकानाचं भांडवल संपलं, उधारी बुडाली, आणि त्याच वर्षी ऐन काढणीत पाऊस येऊन घरचं सोयाबीन काळं पडलं. आता निम्मं कर्ज फिटलंय, दुकान चालू आहे. गेल्या पौषात दहावीच्या वर्गातले चार मित्र त्यांना ओढून एकाच्या शेतात हुरड्याला घेऊन गेले. भावाचं दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा ते तिथं पोट धरून हसले. त्यांचेच शब्द आहेत, "जीव निवाला." घरी आले तर आई उंबऱ्यात बसलेली. रुमालात बांधून आणलेला हुरडा तिच्या हातात द्यायची हिंमत झाली नाही. रात्रभर झोप लागली नाही. पुढं उन्हाळ्यात तेच मित्र त्यांना तीन दिवस गोव्याला घेऊन गेले. तिथं समुद्रावर एकट्यानं रडू आलं आणि कधी एकदा घरी पोहोचतो असं झालं. ते विचारतात: एवढ्याशा हुरड्यानं जे मिळालं ते गोव्यानं का दिलं नाही? ते समाधान खरं होतं की पळवाट? आणि भाऊ गेलेला असताना मला हे शोभतं का?

मी बावीस वर्षं समुपदेशनाचं काम करते, त्यातली बहुतेक लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत. पुढं ज्या माणसांचे दाखले येतील त्यांची ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. तो सुटल्याशिवाय बाकीच्या दोनांची उत्तरं कानावरून जातील.

मी मूळची उमरगा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा सोळा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, गावं दमून उशिरा झोपलेली. चारच्या सुमारास जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. माझी मावशी आणि तिची दोन लेकरं गेली. त्या हिवाळ्यात आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. एका दुपारी आम्ही पाच-सहा पोरी ओढ्याकाठी बोरं वेचायला गेलो. एकीचा पाय चिखलात रुतला, तो काढायला दुसरी गेली तर तीही बसली, आणि आम्हाला हसू फुटलं. थांबता थांबेना. तेवढ्यात बांधावरून शेजारच्या शेडमधली म्हातारी येताना दिसली. तिच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं. आमची तोंडं एकदम बंद झाली. वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, आणि तिनं बोलायलाच पाहिजे. ती जवळ आली, आमच्याकडं बघत थोडा वेळ उभी राहिली, मग पदर पुढं करून म्हणाली, "घाला गं दोन मलाबी." तिथंच बांधावर बसून तिनं बोरं खाल्ली. बिया फेकल्या नाहीत, डाव्या मुठीत जमवत राहिली. आम्ही हळूहळू परत बोलायला लागलो. मध्ये एकदा ती स्वतःशीच हसली.

दुःखानंतर हसण्याबद्दल वाटणाऱ्या अपराधीपणावर पुढं अभ्यासात बरंच वाचलं. त्या पदराच्या पलीकडचं मला त्यात फारसं काही सापडलं नाही. जिचं सगळं गेलं होतं, तिनं आमच्या हसण्याला अपमान मानलं नाही.

तुम्ही म्हणाल, ते लोकांचं झालं, आपल्यात दुखवटा असतो. असतो, आणि तो असावा असं माझं मत आहे. पण आपल्या रीतीत दुखवटा पाळण्याइतकंच दुखवटा काढण्यालाही मोल आहे, हे आपण विसरत चाललोय. आठवून बघा. घरच्या माणसांनी आपण होऊन गोडधोड करायचं नसतं. सोयरे येतात, भावकी येते, टॉवेल-टोपी देतात, साडी देतात, गोडाचा घास भरवतात. पहिल्या सणाला पाहुणी बाई येऊन तळणाची कढई चढवते, घरच्या सुनेला ती चढवू देत नाही. का? "आता पुरे, उठा" हे ठरवायचं ओझं दुःखातल्या माणसावर टाकायचं नाही, म्हणून. ते त्यानं ठरवलं तर जन्मभर टोचत राहतं. म्हणून ते दुसऱ्यांनी उचलायचं. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. ज्यांनी ती घातली त्यांनी माणूस जवळून पाहिलेला होता.

तुमच्या चार मित्रांनी नेमकं हेच केलं. तुम्ही हुरड्याला गेला नाहीत, तुम्हाला नेलं. त्यांना हे शब्दांत सांगता आलं नसेल, पण त्यांनी तुमच्या भावाचा दुखवटा काढला. तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: गूळ वाटताना एक मित्र म्हणाला, "धाकट्याला गूळ जास्ती लागायचा, हुरडा कमी अन् गूळच जास्ती खायचा," आणि सगळे हसले, तुम्हीही. तुम्ही ती ओळ गुन्हा कबूल केल्यासारखी लिहिली आहे. मी ती वेगळी वाचते. त्या आगटीभोवती तुमच्या भावाचं नाव घेतलं गेलं, त्याची सवय आठवली गेली आणि कुणाचा कंठ दाटला नाही. तोवर चार महिने त्याचं नाव घरात फक्त रडण्यासोबत येत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तो जसा होता तसा तुमच्यात येऊन बसला.

आता हुरडा आणि गोवा.

लोकांना वाटतं, ज्याचं दुःख मोठं त्याला मोठा बदल हवा. मित्रांनीही प्रेमापोटी तसाच विचार केला असणार. पण मोठी सहल तुमच्याकडं काहीतरी मागते. एवढा खर्च झालाय, सुट्टी काढलीय, तुझ्यासाठी आलोय, तर आता खूश हो. कुणी तसं म्हणत नाही, पण ते हवेत असतं आणि तुम्ही दर तासाला स्वतःला चाचपून बघता: झालो का खूश? मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. आनंदी असणं किती महत्त्वाचं आहे हे ज्यांच्या मनावर आधी ठसवलं होतं, त्यांना आनंदाची चित्रफीत बघून इतरांपेक्षा कमी बरं वाटलं. दुःखाची चित्रफीत दाखवली, म्हणजे जिथं आनंदाची अपेक्षाच नव्हती, तिथं असा फरक पडला नाही. आनंदावर सतत हात ठेवून बसलं की तो दबतो. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं की माणूस एकंदरीत सुखी आहे की नाही, हे आनंद किती जोरात झाला यापेक्षा किती वेळा झाला यावर जास्त ठरतं. वर्षातून एक गोवा आणि महिन्यातून एक हुरडा यांत कशाला जास्त वजन आहे, याचं उत्तर त्यात आलं.

पण हुरड्याचं आणखी काही आहे, आणि ते मला जवळून सांगायचंय. मी कितीतरी आगट्यांजवळ बसले आहे, कामासाठीही आणि घरच्यांबरोबरही.

सकाळी दव असतं. कुणीतरी आधी येऊन खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या असतात. ज्योत खाली बसून नुसता विस्तव राहिला की त्यात सुरती नाहीतर गूळभेंडी ज्वारीची कणसं खुपसतात. दाणा फुटू द्यायचा नसतो, कच्चाही राहू द्यायचा नसतो, म्हणून एकाचा डोळा सतत विस्तवावर. कणीस बाहेर आलं की ते हातात धरवत नाही इतकं तापलेलं असतं, आणि गार झालं तर दाणा नीट सुटत नाही. म्हणून पोळत-पोळतच दोन्ही तळहातांत चोळायचं, एका हातातून दुसऱ्या हातात खेळवायचं, फुंकर मारायची. कूस उडते, मानेवर बसते, खाजते. तळवे काळे होतात. मग हिरवा, मऊ, वाफाळता दाणा शेजारच्याच्या हातावर. शेंगदाण्याची चटणी, गूळ, एखादी दह्याची वाटी. चोळणारा स्वतः शेवटी खातो.

यात बघा काय घडतं. हात पूर्ण कामाला लागलेले. हात पोळत असताना बँकेच्या हप्त्याचा विचार करता येत नाही, मन दहा सेकंदांसाठी तळहातात येतं, पुन्हा दहा सेकंदांसाठी. ज्या मनाला कित्येक महिने कुठंच टेकायला जागा नव्हती, त्याला अशा शंभर छोट्या जागा एका सकाळी मिळतात. दुसरं, माणसं समोरासमोर न बसता विस्तवाकडं तोंड करून, खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. आपल्याकडचे पुरुष डोळ्यात डोळे घालून दुःख बोलू शकत नाहीत. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून पाऊण तास "काही नाही, ठीक आहे" म्हणणारा माणूस आगटीत काडी सारता-सारता सगळं सांगून जातो, हे मी अनेकदा पाहिलंय. तिसरं, तिथं तुम्हाला काहीतरी द्यायला मिळतं. सगळं वर्ष तुम्ही घेणारे होता, उसने पैसे, सहानुभूती, मदत. त्या सकाळी तुम्ही कणीस चोळून दुसऱ्याच्या हातावर दाणे ठेवले. हे लहान वाटतं. कर्जात बुडालेल्या माणसाला ते लहान नसतं.

म्हणून तुम्हाला जे मिळालं त्याला मी आनंदापेक्षा समाधान म्हणेन. आपल्याकडं जेवण झाल्यावर माणूस पोटावरून हात फिरवून "समाधान झालं" म्हणतो, त्या अर्थानं. त्यात उड्या मारणं नसतं. मागणं थोडा वेळ थांबलेलं असतं.

ही पळवाट आहे का? मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली. आम्ही रोजच्या कामात ती वापरतो. त्यांचं म्हणणं असं की माणूस गेल्यावर सावरणारी माणसं दोन कामांमध्ये ये-जा करत राहतात. कधी गेलेल्याकडं तोंड करून असतात, आठवणी, रडणं, फोटो. कधी पुढच्या जगण्याकडं, दुकान, लेकरांच्या फिया, मित्र, एखादा हुरडा. ही ये-जा हाच सावरण्याचा मार्ग आहे, त्यात ढोंग नाही. मोट विहिरीत उतरते आणि भरून वर येते तसं. कायम आत राहिली तर पाणी पाटाला लागत नाही, आणि कायम वर टांगून ठेवली तरी नाही. पळवाट मी तेव्हा म्हणते, जेव्हा माणूस दुसऱ्या बाजूला फिरकतच नाही: रोज बाहेर, घरात थांबवत नाही, भावाच्या खोलीचं दार उघडवत नाही, कुणी नाव काढलं की उठून जातो. तुम्ही तर त्याच रात्री परत आत गेलात आणि सकाळपर्यंत जागलात. पळणारा माणूस असा वागत नाही.

पळवाटीचा एक प्रकार मात्र तुम्हाला सांगून ठेवते, कारण आपल्या भागात तो हुरड्याच्या अगदी शेजारी बसलेला असतो. सकाळी हुरडा आणि संध्याकाळी "बसायचं". दारू त्या दोन तासांत मन हलकं करते आणि रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते. नैराश्याकडं झुकलेल्या माणसाला दुसरा दिवस आणखी जड जातो. मित्रांना स्पष्ट सांगा, दिवस उजेडाचा ठेवू. चांगल्या मित्रांना हे एकदाच सांगावं लागतं. मी हे उपदेश म्हणून लिहीत नाही. ज्या घरांत मित्रांसोबतचा दिवस हाच एक आधार होता, तिथं तो आधार याच वाटेनं जाताना मी बघितला आहे.

आता पुढं काय करायचं ते.

आमच्या उपचारपद्धतीत एक जुनं तत्त्व आहे. पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात ते मांडलं: मन उदास झालं की माणूस गोष्टी सोडत जातो, सोडत गेल्यानं बरं वाटण्याचे प्रसंग कमी होतात, आणि त्यानं मन आणखी उदास होतं. हे चक्र तोडायचं तर आधी कृती करावी लागते, मनाची तयारी मागून येते. पुढं नील जेकबसन यांच्या गटानं १९९६ मध्ये तपासून पाहिलं. ज्यांच्या उपचारात फक्त दिनक्रमातल्या कृती वाढवण्यावर भर होता, त्यांनाही विचारांवर काम करणाऱ्या पूर्ण उपचाराइतकाच फायदा झाला. म्हणजे "मन लागलं की जाऊ" असं म्हणत थांबलात तर थांबूनच राहाल. पाय आधी निघू द्यायचे.

तुम्ही दुकानदार आहात, रोजमेळ लिहिता. एक जुनी वही घ्या. मित्रांनी बोलावलं की जाण्याआधी लिहा: आज जाऊन किती बरं वाटेल असं वाटतं, शून्य ते दहा. परत आल्यावर लिहा, प्रत्यक्षात किती वाटलं. आणि तिसरा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी. मी हे ज्यांच्याकडून करून घेतलं, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला आकडा दोन-तीन असतो आणि दुसरा पाच-सहा. मन उदास असताना अंदाज कायम कमी येतो, आणि हे मी सांगून पटत नाही, स्वतःच्या हस्ताक्षरात दहा ओळी झाल्या की पटतं. तिसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोव्याचा तिसरा आकडा काय आला असता, आणि हुरड्याचा? हुरड्याचा अपराधीपणामुळं घसरला असेल. पुढच्या वेळी बघू.

दिवस लहान ठेवा. सकाळी निघून दुपारच्या चहाला घरी. परतायची वेळ आधीच ठरलेली असली की आत कुठंतरी निवांत वाटतं, कितीही जड झालं तरी तीन वाजता सुटणार. जवळचं ठिकाण घ्या. तुमच्याकडून खरोशाची लेणी, औशाचा किल्ला, थोडं लांब म्हणजे येडशीचं रामलिंग. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरताना पावसाळ्यानंतर जी हिरवळ असते, ती बघायला दुसरं काही कारण लागत नाही. ठिकाण बघून झालेलं असलं तर उत्तमच. नवं बघायची धावपळ नसते, पारावर बसता येतं. डबा घरचा. धपाटे, ठेचा, दह्याचं गाडगं, तेवढं पुरे.

पैशाचं बोलायला आपण लाजतो, म्हणून मीच बोलते. कर्जातला माणूस सहलीला नाही म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा कारण मन नसतं, वर्गणी असते. आणि मित्र "तू देऊ नको, आम्ही बघतो" म्हणाले की ते आणखी लागतं. यावर मला सापडलेला तोडगा साधा आहे: पैसे गोळाच करायचे नाहीत, प्रत्येकानं वस्तू आणायची. एकानं गाडी, एकानं शेंगा, एकानं शेत. तुमच्या वाट्याला चटणी आली तर तीही वर्गणीच.

आणि लोकांची नजर. तुम्ही लिहिलंय की मित्रानं स्टेटसला फोटो टाकला आणि दुसऱ्या दिवशी एक घेणेकरी दुकानात येऊन म्हणाला, "हुरड्याला पैसे हायेत, आमच्या हप्त्याला नाहीत." हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग आता थेट येतो. शेतातला हुरडा किती रुपयांचा होता हे त्यालाही माहीत होतं. पण त्याला उत्तर देत बसण्यात तुमची शक्ती जायला नको. सध्या मित्रांना सांगा, फोटो काढा, कुठं टाकू नका. तुम्ही काही लपवताय म्हणून हे करायचं नाही. त्या दिवसावर दुसऱ्या कुणाचा शेरा येऊ नये, तो तुमचाच राहावा, एवढ्यासाठी.

बायकांचं याहून अवघड आहे, आणि हे उत्तर काही जणी नक्की वाचत असतील. नवरा गेलेल्या बाईनं मैत्रिणींसोबत डबा घेऊन निघणं अजूनही गावाला खुपतं. बीड जिल्ह्यातली एक पस्तिशीची बाई माझ्याकडं यायची. दोन वर्षं ती दळण, किराणा आणि माहेर यापलीकडं कुठं गेली नव्हती. तिच्या भिशीतल्या बायकांनी श्रावणात कपिलधारला जायचं ठरवलं. देवदर्शन म्हटलं की सासूला नाही म्हणता येत नाही, हे त्या बरोबर ओळखून होत्या. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्चाचाही मुद्दा राहिला नाही. समाधीला हात जोडले, मग धबधब्याच्या पाण्यात पाय सोडून बसल्या. तिनं मला नंतर सांगितलं, "ताई, पाणी गार होतं. बस." मी विचारलं, आणखी काय वाटलं? ती म्हणाली, "काहीच नाही वाटलं. ते बरं वाटलं." दोन वर्षं जिला दिवसरात्र काहीतरी वाटतच होतं, तिला तासभर काही न वाटणं काय असतं, हे मला तिनं शिकवलं.

भूकंपानंतर पुनर्वसनाची नवी गावं उभी राहिली, रुंद सरळ रस्त्यांची, सुटसुटीत घरांची. घरं मजबूत होती. पण जुन्या गावात बोळ एवढा अरुंद की एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर बोलता यायचं. नव्या गावात मैत्रीण चार गल्ल्या पलीकडं गेली. सहज बसायला जाणं संपलं आणि जाणं हे ठरवून करायचं काम झालं. मला वाटतं, आज आपण सगळेच त्या नव्या गावात राहतो. म्हणून ठरवावं लागतं. त्यात कमीपणा नाही.

तुमच्या मित्रांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बोलावताना "तुला बरं वाटेल" म्हणू नका, "चल" म्हणा, किंवा "तुझ्या गाडीची गरज आहे" म्हणा. आणि तो नाही म्हणाला तर रुसू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. "आता विसर" हे दोन शब्द तेवढे टाळा. विसरायला लावणाऱ्या माणसांपासून दुःखी माणूस लांब पळतो. भावाचं नाव काढायला तुमच्यातल्या त्या एकाला जमलं, तसं सगळ्यांनी काढलं तर चांगलं.

मित्रांबरोबरचा दिवस कुठं पुरा पडत नाही तेही सांगितलं पाहिजे. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग मन खचलेलं असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, जेवणाची चव गेली असेल, हुरडा, मित्र, लेकरं कशानंच काही हलत नसेल, किंवा आपण नसलेलं बरं असे विचार येत असतील, तर हे नैराश्य असू शकतं. मग सहल वाढवायची नाही, डॉक्टर गाठायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमचं दुकान कृषी सेवा केंद्राचं आहे म्हणून आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. असा एखादा विचार मनाला चाटून जरी गेला, तरी औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणाकडं द्या, आणि घरी फवारणीचं काही ठेवू नका. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही. तरी लिहिते, कारण शंभरातल्या एका घरासाठी तरी हे वाक्य लागतं.

आता तुमच्या आईबद्दल.

तुम्ही गृहीत धरलंय की तुमचं हसणं तिला लागेल. विचारलं नाही. उंबऱ्यात बसलेली आई तुमची वाट बघत असेल, हे तुमच्या मनात आलं नाही. एक मुलगा गेल्यावर दुसरा घराबाहेर पडला की आयांचा जीव कसा टांगलेला असतो, हे मी रोज ऐकते. आणि तो परत आला, कपड्याला धुराचा वास आहे, चेहरा जरा सैल आहे, हे बघून त्यांना काय वाटतं तेही ऐकते.

थोड्या दिवसांनी मार्गशीर्षातली अमावस्या आहे, आपली येळवस. त्या दिवशी आपल्याकडं सुट्टी असते, शहर ओस पडतं आणि शिवार भरतं. ज्याचं शेत नाही तोही कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतो. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला "या, भज्जी खाऊन जा" (भज्जी म्हणजे त्या दिवशीची भाज्या-दाण्यांची मिसळीची भाजी) म्हणणारा हा सण आहे. दुःखातल्या घरालाही त्यात जागा होते, कारण तिथं बसायचं आणि जेवायचं, एवढंच असतं. गेल्या वर्षी तुम्ही केली नसणार. या वर्षी मित्राला सांगा, मी येतो, आईला घेऊन येतो. शेतातल्या कडब्याच्या कोपीतल्या, म्हणजे खोपटातल्या, पाच पांडवांची पूजा त्यांच्या घरच्यांनी केली तरी चालेल. आईला म्हणा, अंबिलाचा बिंदगा, म्हणजे घडा, तू भर. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण-जिरं किती घालायचं हे तिच्या हाताला अजून ठाऊक आहे, आणि चौदा महिन्यांत तिला कुणी काही करायला सांगितलं नसेल. ती नाही म्हणाली तर जोर करू नका, तुम्ही जाऊन या.

आणि पुन्हा पौषात हुरड्याला गेलात तर रुमालात तिच्यासाठी आणा. घरी येईपर्यंत दाणा गार होतो. तव्यावर मिनिटभर परतायचा, वर चिमूटभर मीठ, सोबत गुळाचा खडा. तिला दात कमी असतील तर कोवळं कणीस बघून वेगळं काढायला मित्राला आधीच सांगून ठेवा.